गाडीचा पल्ला

विजेची गाडी घ्यायला गेले, तेव्हा शोरूममधल्या मुलीने विचारलं, "मॅडम, रोज किती फिरता?"

"कॉलेज आणि घर. बारा किलोमीटर."

"मग लहान बॅटरी पुष्कळ झाली. पुढच्या आठवड्यात गाडी मिळेल. मोठ्या बॅटरीला तीन महिने लागतील."

माझी आई देवरुखला एकटी असते. पुण्याहून मध्ये कुठे चार्जिंगला न थांबता तिच्या दारात पोचायचं, तर मोठीच बॅटरी हवी. पण तिच्याकडे मी जाते वर्षातून दोनदा. मग गाडी रोजच्या रस्त्यासाठी घ्यायची, की त्या दोन खेपांसाठी? आपला पल्ला कशावरून ठरतो, नेहमी जातो तिथवरून, की एखाद्या दिवशी धावत जावं लागेल तिथवरून? काही उमजेना. शेवटी मोठी नोंदवली.

आईला फोन केला. "तीन महिने थांब, मग कधीही तुझ्याकडे येता येईल."

ती म्हणाली, "अगं, एसटी रोज येते की."

बॅटरी बरोबर निवडली की चुकले, अजूनही कळत नाही. शनिवारचं तिकीट मात्र काढलंय.