डोळ्यातलं लोखंड

माझे पप्पा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लोखंड घासायच्या ग्राइंडरवर होते. रिटायर होईपर्यंत तेच काम. मी एका लॅबमध्ये लोखंडाचे कण बनवते, इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसत नाहीत. ते रक्तात सोडले की निरोगी यकृत त्यांना गिळतं आणि एमआरआयमध्ये काळं दिसतं. गाठ त्यांना गिळत नाही, म्हणून ती तेवढी उजळ राहते. आमचे कण अजून उंदरांच्या पुढे गेलेले नाहीत, पण हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पप्पांनी सांगून टाकलं होतं, "पोरगी लोखंडाचं औषध बनवते. आम्ही इतकी वर्षं फुकटच खाल्लं."

मागच्या वर्षी सोनोग्राफीत त्यांच्या यकृतावर डाग दिसला. सर्जन म्हणाले, गाठ एकच असेल तर कापून काढता येईल, पसरली असेल तर नाही. ते ठरवायला एमआरआय हवा. उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या सेंटरवर आम्ही दोघंच गेलो.

टेक्निशियननं विचारलं, "अंकल, बॉडी में कहीं लोहा? आँख में कभी कुछ गया?"

"नहीं," पप्पा म्हणाले.

अनोळखी लोकांसमोर मी सहसा तोंड उघडत नाही. पण संध्याकाळी लालभडक डोळ्यांनी घरी येणारे पप्पा मी लहानपणापासून पाहिले होते. कंपनीतले गॉगल इन्स्पेक्शनच्या दिवशी कपाटातून निघायचे आणि साहेब गेले की परत कपाटात. डोळ्यात चुरा गेला की कामगार एकमेकांच्या पापण्या उलटून तो काढायचे. जुन्या स्पीकरमधलं एक चुंबक त्यासाठीच मशीनजवळ टांगलेलं असायचं. आमच्या लॅबमध्ये बाटली धुतानाही गॉगल लावला नाही तर मला बाहेर काढतात.

"गेलंय," मी म्हणाले. "खूपदा."

"अंकल ना बोल रहे, मॅडम हाँ बोल रही. पहले घर में फायनल करके आओ ना."

बाकावरचे लोक हसले. पप्पांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डोळ्यांचा एक्स-रे काढला, तेव्हा उजव्या डोळ्याच्या मागच्या बाजूला पांढरा ठिपका दिसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा तुकडा मशीनमध्ये हलला तर डोळा जाईल. एमआरआय होणार नाही.

जिन्यात पप्पा थांबले. "तुला कुणी विचारलं होतं गं मध्ये?"

"पप्पा, डोळा गेला असता तुमचा."

"जातोय कशाला? निघून आलं असतं ते. तूच म्हणालीस ना, ते मशीन म्हणजे भलंमोठं चुंबक असतं. म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं होतील."

म्हणजे आत काहीतरी राहिलंय हे त्यांना माहीत होतं. माझं काम मी त्यांना एकदा जेवताना समजावलं होतं, इंग्रजी शब्दांना मराठी शोधत, अडखळत. मला वाटलं होतं ते नुसतीच मान हलवताहेत. त्यांनी नीट ऐकलं होतं, फक्त ऐकलेलं सगळं कारखान्यात नेऊन बसवलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला. तुकडा खोल होता, वर्षानुवर्षं तिथेच बसलेला. मग सीटी स्कॅन झाला. त्यात एकच गाठ दिसली. मम्मीनं देवापुढे साखर ठेवली. सर्जन मात्र म्हणाले, "अगदी बारीक असेल ते यात दिसेलच असं नाही. उघडल्यावर कळेल."

उघडलं. यकृताच्या दोन्ही भागांवर खसखशीएवढे दाणे पसरलेले होते. काही न कापता पोट पुन्हा शिवलं. मी ज्या कणांवर काम करते ते असलेच बारीक दाणे दिसावेत म्हणून असतात. ते उद्या बाजारात आले तरी पप्पांच्या उपयोगाचे नाहीत, कारण एमआरआयच्या मशीनमध्ये त्यांना कुणी घेणार नाही. कंपनीचं लोखंड त्यांच्यात आधीच जाऊन बसलंय.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी सर्जनना काहीच विचारलं नाही. सर्जन राउंड संपवून गेल्यावर पप्पा मला म्हणाले, "खोललं, आणि काही न काढता बंद केलं?"

"हो."

"मग खोललं कशाला?"

मम्मी माझ्याकडे बघू लागली. आमच्या घरात असल्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायची असतात.

"बघायला," मी म्हणाले.