म्हैस कितव्या वेताची

आधी माझी लायकी सांगतो. मी नगरला लग्नांचं शूटिंग करतो. हळदीत कॅमेऱ्याची काच पिवळी होणं, हा माझ्या धंद्यातला मोठ्यात मोठा धोका. अशा माणसाला पुण्याच्या एका संस्थेनं बारा मिनिटांची डॉक्युमेंटरी करायला दिली. विषय, कलेमुळे गरिबाचं आयुष्य कसं बदलतं. मी इतका हुरळलो की विचारता सोय नाही.

माणूसही लगेच सापडला. जिथं माझ्या वडलांनी बावीस वर्षं मास्तरकी केली, त्या गावच्या गुरांच्या बाजारात. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. फाटकाजवळच्या लिंबाखाली हा रंगारी बसायचा. व्यापारी विकायची जनावरं त्याच्यापुढं आणून उभी करायचे आणि हा शिंगांवर वेलबुट्टी, पाठीवर मोर काढायचा. म्हशीची नवरी करायचा अगदी. पूर्वी नवरा-बायको ऊसतोडीला जायची, सहा-सहा महिने कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी घालून राहायची. आता दोघांचे कोयते घरात आढ्याला खोचलेले. "रंगानं कोयता सोडवला बगा, दादा," असं तो म्हणाला आणि मला वाटलं, झाली की फिल्म!

एका सकाळी गेलो तर रंगाचे डबे बंदच होते. तो काचेच्या तुकड्यानं म्हशीचं शिंग साळत होता. कोवळं ऊन, शिंगाचा भुसा उडतोय, त्याची बोटं अशी हलकी चाललीयत. मी कॅमेरा घेऊन धावलो.

"दादा, हे नगा घेऊ. रंग लावताना घ्या की."

"अहो, हेच तर खरं काम!"

आणखी दोनदा म्हणाला, नगा घेऊ. मग मान खाली घालून काच चालवत राहिला. मास्तरांच्या मुलाला किती वेळा नाही म्हणणार? मला वाटलं, लाजतोय बिचारा. तोच शॉट मी फिल्मच्या सुरुवातीला टाकला आणि वर बासरी वाजवली. शहाणाच मी!

फिल्म आधी गावात दाखवायची, हा हट्टही माझाच. शाळेच्या खोलीत, भर दुपारी. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, उजेड नको म्हणून दाराला आतून कडी. मी मागच्या कोपऱ्यात प्रोजेक्टरपाशी, आणि दारापर्यंत नुसती माणसं. पडद्यावर काच शिंगावरून फिरायला लागली. मी 'वा वा'ची वाट बघत होतो. कोणी हूं की चूं केलं नाही.

"थांबव," पुढून आवाज आला. एक म्हातारे शेतकरी, माझ्या वडलांच्या हाताखाली चौथी शिकलेले. "मागं घे."

मी घेतलं की मागं! मला वाटलं, आवडलं. ते उठून पडद्याजवळ गेले, त्यांची सावली म्हशीवर पडली.

"ह्यो तुटका कान. ही माजी म्हैस हाय. तिसऱ्या वेताची म्हनून दिली मला."

शेजारी बसलेल्या एका मावशींनी मग माझ्या कानाशी लागून सांगितलं. म्हैस दर वेताला, म्हणजे दर बाळंतपणाला, शिंगाच्या बुडाशी एक वळी धरते. गिऱ्हाईक वळ्या मोजतं. वळ्या साळून टाकल्या, वर रंग दिला की म्हातारी म्हैस तरणी. हे त्या खोलीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. कॅमेरावाला तेवढा अडाणी.

म्हातारे रंगाऱ्याला नाही नाही ते बोलत होते. तो भिंतीला टेकून बसलेला, शेजारी बायको. ती पडद्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मला तिथून पळून जायचं होतं, पण कुठून जाणार? प्रोजेक्टर बंद करावा तर मिट्ट अंधार, चालू ठेवावा तर तीच काच त्याच शिंगावर. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

पुढच्या बाजारी व्यापाऱ्यांनी त्याला लिंबाखालून उठवलं. साळायला सांगणारे हेच! चोर तो चोर वर शिरजोर. तो सरळ नगरला माझ्या दुकानात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"दादा, तुमी बाजारात येऊन सांगा. म्हनावं, मीच साळायला लावलं, फोटूसाठी. न्हाईतर दिवाळी झाली की आमी दोघं परत तोडीला."

मी चिडलो. म्हटलं, डॉक्युमेंटरी म्हणजे खरं दाखवायचं असतं, मी खोटं कसं बोलू? एवढं म्हटलं आणि त्याचं ते तीनदा 'नगा घेऊ' मला आठवलं. संस्थेला नेमका तोच शॉट आवडला होता, त्यांनी फिल्म नेटवर टाकूनही दिली होती. आता बोललो तर माझी फिल्म खोटी, गप्प बसलो तर त्या दोघांच्या हातात कोयता. इकडं आड, तिकडं विहीर.

गेलो. भर बाजारात व्यापाऱ्यांसमोर सांगितलं की मीच करायला लावलं, त्याचा काही दोष नाही. "बगा! हितं कुनी शिंगं साळत न्हाई, आमी काय म्हनत हुतो?" व्यापाऱ्यांनी लगेच री ओढली.

गर्दीतून म्हातारे पुढं आले.

"व्हय रं बाळा, मग माजी म्हैस कितव्या वेताची?"

रंगारी जमिनीकडं बघत होता. मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मीच साळायला लावलं तर आधीच्या वळ्याही मीच पाहिल्या असणार, तेव्हा तेवढ्यानं सगळंच फसलं असतं.

"तिसऱ्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मास्तरांचं लेकरू सांगतंय म्हंजी असंल. त्या मानसानं आमाला कदी खोटं शिकवलं न्हाई." मग रंगाऱ्याकडं वळून त्यांनी हात जोडले. "लई बोललो तुला त्या दिवशी. राग धरू नगंस." आणि ते काठी टेकत निघून गेले. मला लाज वाटली, इतकी की वडलांचा फोटो घरातून काढून ठेवावासा वाटला.

तोवर एका व्यापाऱ्यानं लिंबाखाली म्हैस आणून उभी केली होती. रंगाऱ्यानं रंगाचे डबे बाजूला सारले आणि काच हातात घेतली. मी जवळच उभा होतो. शिंगाच्या बुडाशी वळ्या होत्या. आता मला मोजता येतात. सात होत्या.