भिंतीवरची काळी रेघ

माझी आत्या प्रयोगशाळेत उंदराच्या पेशी वाढवायची. माझ्या बाबांच्या, म्हणजे सख्ख्या भावाच्या लग्नातूनही ती न जेवता उठली होती, कारण पेशींचं खाणं बदलायचं होतं. बाबा ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

पेशीला दुभंगायला लावणारं एक प्रथिन असतं आणि त्याला धरून ठेवणारं दुसरं. त्या दुसऱ्याला चिकटून त्याची पकड सोडवणारं तिसरं प्रथिन आपण शोधलंय, असं आत्या सांगायची. पुरावा होता फिल्मवरची एक काळी रेघ, ते प्रथिन असेल तरच उमटणारी. ती फ्रेम करून तिने स्वयंपाकघरात लावली होती. आमच्यापैकी कुणाचा फोटो मात्र त्या घरात नव्हता.

निवृत्तीच्या तोंडावर तिने नव्या तंत्राने ते तिसरं प्रथिन पेशींतून पार काढून टाकलं. आता रेघ नाहीशी व्हायला हवी होती. ती तशीच उमटली, ठसठशीत. ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या ज्या प्रतिपिंडाच्या भरवशावर ती ते ओळखायची, ते पहिल्यापासून भलत्याच प्रथिनाला चिकटत होतं.

मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात गार चहा पुढ्यात घेऊन बसली होती.

"पुन्हा करून बघ ना," मी म्हटलं.

"केलं गं. रेघ येतेच." मग म्हणाली, "इतकी वर्षं मी बघत तरी कुणाकडे होते?"

मी फ्रेमला हात घातला. "काढू का ही?"

"राहू दे. तिथे लावायला माझ्याकडे दुसरं आहे काय?"