तीट लागलेली पेशी

अगं ये, अशी जवळ बस. उंबऱ्यात उभं राहून बोललेलं मला आवडत नाही. आणि काय गं, फोनवर म्हणालीस, "आजी, सेंट्रोसोम तुला नाही कळायचा"? बाळा, तुझी आई जन्मायच्या आधी तो माझ्या ब्रशच्या टोकावर होता. त्याच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

उल्हासनगर कॅम्प चारला, एका बराकीत, लोकूमल सेठचा तक्त्यांचा कारखाना. शाळा-कॉलेजात भिंतीला टांगतात ते कापडी तक्ते, वरखाली लाकडी दांडी. बेडूक, हृदय, दात, सगळं हाताने रंगवायचं. मला चित्रकला कोणी शिकवली नव्हती. रांगोळीचा हात होता, तोच ब्रशला चालला. रेषा आणि बारीक ठिपके माझे. बाकीच्या रंग भरायच्या. शेवटी बुवापाड्याची गंगूबाई वरून व्हार्निश मारायची आणि तक्ता बाहेर काढायची.

एक दिवस मुंबईचे प्रोफेसर आमचाच तक्ता काखेत मारून आले. पेशीविभाजनाचा. टेबलावर पसरला नि म्हणाले, "मोजा."

मी मोजले. ठिपके तीन.

मग त्यांनी समजावलं. पेशीत एक ठिपका असतो, तोच सेंट्रोसोम. पेशी दोन व्हायच्या आधी त्या एकाचे दोन होतात, पण एकदाच. दोघं दोन टोकांना जातात, तिथून दोरे सुटतात, आणि रंगसूत्रं निम्मी-निम्मी ओढून घेतात. तिसरा आला की ओढाताण तीन बाजूंनी. "रस्सीखेच तीन बाजूंनी कोणी खेळतं का? ही पेशी रोगट आहे हो."

सेठ म्हणाले, "साईं, एक जास्तच गेला ना? कमी तर नाही दिला."

सर हसले नाहीत. त्यांची नवी प्रयोगशाळा सुरू व्हायची होती. माल सुधारून द्या, नाहीतर ऑर्डर रद्द, म्हणाले. ते गेल्यावर सेठनी त्याच ऑर्डरचा उरलेला गठ्ठा उघडला. प्रत्येक तक्त्यात तिसरा ठिपका, आणि दर वेळी वेगळ्या जागी.

"शालू, ठिपके तुझे. ऑर्डर गेली तर तू पण जाणार."

मी दोनच काढले होते. पण ऐकतंय कोण?

सेठनी काळ्या रंगाची बाटली तिजोरीत ठेवली. एक तक्ता आला की बाटली बाहेर. मी दोन ठिपके देणार, बाटली आत. तो तक्ता दाराबाहेर गेल्याशिवाय तिजोरी पुन्हा उघडायची नाही. परवा तूच फोनवर सांगितलंस ना, नवा ठिपका जुन्याला चिकटून जन्मतो, आणि चिकटलेला आहे तोवर जुन्याला दुसरा होत नाही? पेशी दोन झाल्या, ते सुटे झाले, की मगच पुढची परवानगी? तेव्हा मी हसले होते ते यासाठी. हा सेठचाच कायदा की गं.

दुसऱ्या दिवशी पहिला तक्ता बाहेर गेला. ठिपके तीन.

सेठनी तिजोरीचं कुलूप ओढून पाहिलं. मी मात्र पुढच्या तक्त्यामागे चालत गेले. गंगूबाईने व्हार्निशचा डबा उघडला. मग स्वतःच्या डोळ्याच्या कडेला बोट फिरवलं आणि तक्त्यावर टेकवलं.

"गंगूबाई, हे काय?"

"तीट," ती म्हणाली. जसं काही मी वेडीच. "एवढं देखणं काम उघडंबोडकं बाहेर पाठवायचं? बेडकाला डागात लावते, दाताला किडीशेजारी. आजवर कुणाला दिसली? इथं ठिपके होतेच. म्हटलं, त्यांच्यात एक खपून जाईल."

सेठ डोकं धरून बसले. वाटलं, आता तिला काढतात. पण ते हळूच म्हणाले, "नजर तर लागतेच. गंगूबाई, दांडीला लावली तर चालेल?"

तिने विचार केला. चालेल म्हणाली.

सगळे तक्ते मी पुन्हा रंगवले. सर आले, मोजले, खूश झाले. माझी नोकरी राहिली. गंगूबाईने त्यांना विचारलं, "साहेब, पेशीत हे एकदाच व्हावं म्हणून लक्ष कोण ठेवतं?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही, बाई."

"मग तिथं तिजोरीवर भागत नसणार," ती म्हणाली.

जाता जाता सरांनी नवी ऑर्डर दिली. तीन ठिपक्यांची रोगट पेशी, मुलांना दाखवायला. ती मी मुद्दाम तीन ठिपके देऊन काढली. गंगूबाईने ती बघितली आणि हळहळली. "ही तर आजारी आहे. हिला दांडीवर लावून काय उपयोग?"

तिचं बोट डोळ्याकडे गेलं. ठिपके चार झाले. सरांनी बराच वेळ बघितलं. "रोगात चारही होतात," म्हणाले, आणि घेऊन गेले.

तेव्हापासून एक शिकले. कुलूप लावायच्या आधी काजळ कोणाच्या डोळ्यात आहे ते बघावं.

आता जेवून जा. आणि सहा-सहा महिने तोंड लपवू नकोस. माझं चिखलोलीचं घर काही परदेशात नाही. पुढच्या रविवारी तुझ्या प्रयोगशाळेतल्या मशीनमधले पेशींचे फोटो घेऊन ये. ठिपके मी मोजते. एखादा जास्त निघाला तर तू घाबरू नकोस, आधी मला विचार.