तानसाच्या जंगलात दोघांची सायकल

दादाची नजर एका दिवसात गेली नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी संध्याकाळनंतरचं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि चाळिशीपर्यंत उजेड कुठे आणि काळोख कुठे एवढंच कळायचं उरलं. त्याआधी दर हिवाळ्यात तो जाड टायरांची सायकल मित्राच्या टेम्पोत टाकून शहापूरच्या पुढे, तानसा तलावाच्या जंगलात जायचा. परत आला की लालबागच्या आमच्या खोलीभर लाल माती सांडायची.

गेल्या वर्षी त्याच मित्राने कुठूनतरी दोघांची सायकल मिळवली. एकामागे एक दोन सीट, पेडलांच्याही दोन जोड्या. मला वाटलं, मित्रच त्याला घेऊन जाणार. पण दादा म्हणाला, "पुढे तू बस."

"मी? अरे, शाळा सुटल्यापासून मी सायकलला हात लावलेला नाही."

"सायकल येईल परत. मला पुढून तुझा आवाज हवाय."

मग रविवारी सकाळी माझगावला, गोदीच्या भिंतीकडेच्या रिकाम्या रस्त्यांवर आम्ही सराव केला. मी "खड्डा", "वळण", "ब्रेक" असं ओरडायचे आणि मागे तो शांतपणे पेडल मारत असायचा. डिसेंबरात त्याने सरावाला पुरे म्हटलं. तानसाला निघताना आई दारात आली. "गो, तेका सांभाळून ने," ती मला म्हणाली. दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मित्राने टेम्पोतून आम्हाला जंगलाच्या तोंडाशी एका पाड्यावर सोडलं आणि तो तिथेच थांबला. वाट सागांमधून जात होती. सागाची मोठाली वाळकी पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. ऊन अजून कोवळं होतं, झाडांमधून तिरकं येत होतं, आणि मला आपण जागे आहोत की नाही असं वाटू लागलं. कारण मी पाहायच्या आधी दादा सगळं सांगत होता.

"आता उतार येईल. घाबरू नकोस, सायकलला जाऊ दे."

उतार आला.

"आता गार लागेल. ओढा आहे."

गार लागलं. मी त्याच्या आठवणीतून सायकल चालवत होते.

"पुढे मोहाचं मोठं झाड आहे. त्याच्या डावीकडून पाण्याकडे उतरायचं."

मी पाहिलं. मोह आडवा पडला होता. मुळं वर, आणि डावीकडची वाट काटेरी झुडपांनी बुजलेली.

मी ब्रेक दाबला. मग म्हटलं, "झाड पडलंय दादा. वाटही नाहीये."

तो उतरला. बुंध्यावर हात ठेवून चालत टोकापर्यंत गेला आणि तिथेच बसला. तेवढ्यात मोळी घेऊन एक बाई आली. आमच्या सायकलीकडे बघून ती थबकली. मी वाट विचारली तेव्हा म्हणाली, "ती मोडली. खालच्या अंगानं जा, बांबूतून."

दादा उठला. "इथून पुढचं मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "आता तू सांग."

मी सांगू लागले. "बांबू दोन्हीकडून वाकलेत. वर एकमेकांना टेकलेत."

"हिरवे?"

"पिवळे. मधूनमधून हिरवे. जमिनीवर उन्हाचे ठिपके आहेत, हलतायत."

"हां. हळू चालव."

मी हळू चालवलं. सांगता सांगता बांबू संपले आणि पुढ्यात तलाव उघडला. पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा उभा होता.

"पाणी आलं," दादा म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"तुझं पेडल थांबलं."

काठाने आम्ही खूप वेळ फिरलो. मी बघायचे आणि सांगायचे. एका जागी पुढचं चाक रेतीत रुतलं आणि दोघंही आडवे झालो. मी दचकून मागे पाहिलं, तर दादा उताणा पडून हसत होता. कोपर खरचटलं होतं, त्याचं त्याला काहीच नव्हतं. त्याचं असं हसणं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी घरी जेवताना आईने विचारलं, "मगे, काय काय बघलंस?" मला नाही, त्याला.

दादा सांगू लागला. वाकलेले पिवळे बांबू, उन्हाचे ठिपके, उलटा डोंगर. सगळे माझेच शब्द, पण त्याच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच बघत होते. मग तो म्हणाला, "आणि एक पांढरा बगळा."

"बगळा कुठे होता?" मी विचारलं.

"आपण पडलो तेव्हा उडाला. पंख वाजले."

"पांढरा कशावरून?"

"पांढराच असणार," म्हणून त्याने आईकडे आणखी भात मागितला.