भर दुपारचा दिवा

आमच्या घरी दिवसा दिवा लावायला बंदी होती. वीज गेली, आभाळ भरून आलं, स्वयंपाकघरात पोळी करपली की भाजली ते कळेनासं झालं, तरी सूर्य मावळेपर्यंत दिव्याला काडी लावायची नाही. देवापुढचं निरांजनसुद्धा संध्याकाळीच. पाहुण्यांना वाटे, बाबा कसला तरी नेम पाळतात. आम्हीही त्यांना तसंच वाटू दिलं, कारण खरं सांगायला बसलं तर चहा थंड व्हायचा.

बाबा गांधीबागेच्या कापडबाजारात एका लहानशा खासगी बँकेत कॅशियर होते. दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, मध्ये बँक. शेजारच्यांच्या कापडाच्या गाठी बँकेच्या खिडकीला टेकवून रचलेल्या असत, त्यामुळे आत उजेड असा यायचाच नाही. विजेच्या एका बल्बवर सगळा कारभार चाले.

त्या बाजारात जुन्या पेढ्यांचा एक रिवाज होता. व्यापारी बुडाला की तो तोंडाने सांगत नसे. गादी उलटी करायची आणि भर दुपारी दुकानात दिवा लावून ठेवायचा, बस्स. लोकांनी काय ते समजून घ्यायचं. आरडाओरडा नाही, खुलासा नाही. तेव्हा हे फारसं कोणी करत नव्हतं, पण गांधीबागेतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. बाबांनाही होतं.

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. दक्षिणेत कुठलीशी बँक बुडाल्याची बातमी येऊन गेली होती आणि आता लहान बँकांचं काही खरं नाही, अशी कुजबुज बाजारात चालू होती. नेमक्या त्याच दिवसांत माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आपले सगळे पैसे घेऊन बँकेत आली. आत्याचे यजमान गिरणीत कामाला होते, ते अचानक गेले. गिरणीतून मिळालेल्या पैशांत तिला मानेवाड्याच्या बाजूला जमिनीचा एक तुकडा घ्यायचा होता. तिकडे तेव्हा नुसती शेतं होती. दोन खोल्या बांधीन, पण भावाच्या दारात पडून राहणार नाही, हे तिचं ठरलेलं. जागेच्या मालकाने दिवाळीनंतरचा वायदा केला होता. तोवर पैसे ठेवायचे कुठे, एवढाच प्रश्न होता.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. आत्याला एकटीने बाजारात जायला नको म्हणून मी सोबत गेले होते. बाबांनी तिला काउंटरपाशी बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, लोकं काहीबाही बोलून राहिले बँकेबद्दल. पोस्टात ठेवतं का?"

"तू हायेस ना इथं?" आत्या म्हणाली. "मी काही बँकेत नाही ठेवून राहिली गा. तुह्यापाशी ठेवून राहिली."

बाबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे सुख दिसलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. नोटा मोजून झाल्या, फॉर्म पुढे आला आणि वीज गेली. आत काळोख. बाबा म्हणाले, अंगठा लाव, भागते. आत्या ताठ झाली.

"अंगठा काहून? मले सही येते."

येत होती खरंच. नवरा गेल्यावर ती माझ्याकडून सही शिकली होती, पाटी भरभरून गिरवली होती. तिला अंगठा लाव म्हणणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं होतं. कंदिलात रॉकेल नव्हतं. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, लक्ष्मीच्या तसबिरीपुढची समई उचलली, काउंटरवर ठेवली आणि पेटवली. आत्याने जीभ दातांत धरून सावकाश सही केली. मग मान मागे घेऊन ती सहीकडे बघत राहिली.

बाहेरून गाठ घेऊन जाणारा एक हमाल थबकला. शेजारच्या दुकानातला मुनीम उठून दारात आला, आत डोकावला आणि परत गेला. बाबांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी फुंकर मारून समई विझवली. पण दिसायचं ते दिसून गेलं होतं, आणि घाईघाईने विझवलेला दिवा लावलेल्यापेक्षा वाईट. आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा लोक पायऱ्या चढत होते. संध्याकाळपर्यंत बँकेतली रोकड संपली.

पुढे जे झालं ते एका समईने झालं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण तसं म्हणणारे पुष्कळ होते. कापडबाजारात कोणी कोणाची हुंडी घेईना. जो तो रोख मागू लागला. विणकरांचा माल उचलला जाईना, माग बंद पडले. इतवारीच्या सराफ्यात सोनं चढलं. ज्या बँकांना काही धाड भरली नव्हती त्यांच्याही दारात रांगा लागल्या. मग सरकारी हुकूम आला आणि आमच्या बँकेचे सगळे व्यवहार थांबवले गेले. खात्यातून दर खातेदाराला थोडीशी रक्कम मिळेल, बाकी पुढे बघू.

दिवाळी झाली. जागेच्या मालकाने थोडे दिवस वाट पाहिली आणि तुकडा दुसऱ्याला विकला. त्याचं तरी काय चुकलं? खोलीचं भाडं थकल्यावर आत्या एक ट्रंक आणि एक पाटा-वरवंटा घेऊन आमच्याकडे राहायला आली. रडली नाही. ट्रंक कोपऱ्यात ठेवून तिने सरळ कणीक मळायला घेतली. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. त्या वर्षात आमच्या घरात कोणालाच काही होत नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो, परीक्षेला बसत होतो.

सरकारने बँक बुडू दिली नाही. एका मोठ्या बँकेने तिला पोटात घेतलं, पाटी बदलली, आतला बल्ब जाऊन ट्यूबलाइट आली. चौकशीत निघालं की संचालकांनी आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांना कर्जं वाटली होती आणि बँक कधीचीच पोकळ झाली होती. समई लागली नसती तरी ती बसलीच असती. हे वर्तमानपत्रात आलं, बाबांनी ते आत्याला वाचूनही दाखवलं. पण बाजाराने संचालकांना नमस्कार करणं सोडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! बाबांना पाहिलं की लोक म्हणत, हाच तो, दिवेवाला. नव्या बँकेने त्यांना ठेवून घेतलं, पण रोकडीपाशी बसवलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते मागच्या टेबलावर टपालाची आवक-जावक लिहीत राहिले. बँक वाचवायला सरकार धावलं. बाबांना कोण पोटात घेणार होतं?

आत्याचे पैसे आले. तुकड्यातुकड्याने, वर्षं लावून, पण जवळजवळ सगळे आले. तोवर मानेवाड्याला त्या पैशात कुंपणही झालं नसतं. शेवटची रक्कम बाबांनी तिच्यापुढे पाटावर ठेवली. तिने हातही लावला नाही.

"ठेव तुह्याचपाशी," म्हणाली.

ती माफी होती की शिक्षा, मला आजवर कळलेलं नाही. बाबांनाही कळलं नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे पोस्टात तिच्या नावावर टाकले, आणि त्या विषयावर दोघं भाऊ-बहीण पुन्हा बोलले नाहीत. त्या छपराखाली दोघं सोबत म्हातारी झाली. दुपारी वीज गेली की अंधारात समोरासमोर बसून राहत.

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात बाबा गेले. भर दुपारी. मी सासरहून धावत आले तोवर त्यांना खाली घेतलं होतं. अंगणात गांधीबागेतले दोन-तीन म्हातारे व्यापारी येऊन बसले होते. कोणीतरी म्हणालं, डोक्याशी दिवा लावा. आत्याने कणकेचा दिवा केला, तेल घातलं, वात ठेवली. काडी काढली आणि थांबली. अंगणातले म्हातारे खाली बघू लागले.

तिला नीट दिसत नव्हतं. तिने चाचपडत बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि जिवंत माणसाला विचारावं तसं विचारलं, "लावू का गा?"

मग थोडा वेळ वाट पाहून तिने काडी ओढली.