गिरणी चालू असेपर्यंत

पिठ्याला हे नाव बँडच्या पहिल्याच तालमीत पडलं. काळा टी-शर्ट, खांद्यापर्यंत केस, आणि मान हलवली की केसांतून उडणारं पीठ. प्रेक्षकांना वाटायचं, काय झकास युक्ती काढलीय! युक्ती कसली डोंबलाची! घरची पिठाची गिरणी होती आणि हा पठ्ठ्या तिथेच बसून गिटार शिकला होता.

दुसरीकडे त्याला बसू देतंय कोण? घरात हेवी मेटल वाजवणं म्हणजे शेजाऱ्यांच्या डोक्यावर मिरे वाटणं. वरच्या मजल्यावरच्या काकू तर एकदा झाडू घेऊन अर्धा जिना उतरल्या होत्या. शेवटी वडिलांनी फर्मान काढलं, "गिरणी चालू असेपर्यंतच वाजवायचं. गिरणी बंद, तू बंद." त्या घरघरीत गिटार कुणाला ऐकू जाणार?

तेव्हापासून पिठ्याचा डोळा गिऱ्हाइकांच्या डब्यांवर. छोटा डबा आला की याचं तोंड एवढंसं व्हायचं, पोतं आलं की स्वारी खूश. दळण संपेपर्यंत सोलो संपवायचा, अशी त्याने बोटांना सवय लावली. आणि खरंच, त्याचा सोलो एकदाही अर्धवट राहिला नाही. आपल्या या कसबाचा त्याला भलताच अभिमान होता.

गिऱ्हाइकं मात्र कुरकुरायची. "तुमची गिरणी फार रेंगाळते हो. आणि पीठ केवढं बारीक!"

"बारीक पीठ पचायला हलकं," वडील खाली मान घालून म्हणायचे.

पुढे पिठ्या बँडचा लीड गिटारिस्ट झाला. मंचावर ड्रमर असा काही तुटून पडायचा की गिरणीची आठवणही होऊ नये. बिंग फुटलं ते पहिल्या रेकॉर्डिंगला. गाण्याच्या मधोमध सगळे गप्प होणार आणि एकटी गिटार वाजणार, असं ठरलं होतं. सगळे गप्प झाले. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत पिठ्याला स्वतःचा श्वास ऐकू आला आणि बोटं जागच्या जागी थिजली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर त्याने चक्क गिटार खाली ठेवली. गिरणी बंद, तू बंद. हे त्याच्या हाडीमाशी मुरलं होतं, त्याला तो तरी काय करणार?

गायकाने घड्याळ बघितलं. "संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर हा सोलो दुसऱ्याकडून करून घेऊ. आणि मग, खरं सांगू का, पुढचेही त्याच्याकडूनच."

इतकी वर्षं पीठ खाल्लं ते यासाठी? पिठ्याने लाज गुंडाळून ठेवली आणि घरी फोन लावला.

"बाबा, गिरणी चालू करता का?"

"दळण कुठाय?"

"दळण नाही. मला आवाज पाहिजे. इथे... इथे हातच चालत नाहीये."

रिकामी गिरणी चालवली की दगडावर दगड घासतो. लहानपणी त्यापायी पिठ्याच्या कानाखाली एक सणसणीत बसली होती.

"वाजवायचं ते मोठं आहे का?" वडिलांनी विचारलं.

"नाही, छोटंच."

"छोटं म्हणजे? शेवटी ते वर वर चढत जातं, ते धरून?"

पिठ्या फोनकडे बघतच राहिला. ते यांना कुठून माहीत?

रेकॉर्डिंगवाल्याने हसू दाबत फोन त्याच्या कानाला चिकटपट्टीने बांधला. पलीकडे पट्टा फिरला, घरघर सुरू झाली आणि पिठ्याची बोटं सुटली. अशी सुटली की शेवटी वर चढून झाल्यावर त्याला आणखी सुचलं, तेही वाजवलं, मग आणखी थोडं. हे तो आयुष्यात प्रथमच वाजवत होता. आता घरघर थांबणार, म्हणून त्याने अंग चोरलं. घरघर थांबली नाही. त्याने शेवटचा सूर सोडला, तो विरत गेला, पुरता विरला, आणि तेव्हा कुठे पलीकडे बटण पडल्याचा आवाज आला.

तेच ते बटण. लहानपणीही ते अगदी सोलो संपला की पडायचं. पिठ्याला एकदम ते कुरकुरणारे लोक आठवले, ते बारीक पीठ आठवलं.

"बाबा..."

"झालं ना? मग ठेव आता," वडील ओरडले. "दगडांची पार वाट लागलीय. छिन्नी घेऊन टाकी लावायला बसतो."